लॉ स्कूलचं बजेट पुरत नाही? अमेरिकेत आर्थिक मदत फेरतपासून कशी घ्यायची

अमेरिकेतल्या लॉ स्कूलमध्ये प्रवेश मिळाला की मागोमाग आर्थिक मदतीचं पत्र येतं. त्यात फी, पुस्तकं, घरभाडं, जेवण, प्रवास, आरोग्यविमा असे रकाने असतात आणि खाली एक बेरीज. या बेरजेला ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’ म्हणतात. ऑफिसातले लोक आणि विद्यार्थी नुसतं ‘बजेट’ म्हणतात. आपल्याकडचे पालक फी किती आणि शिष्यवृत्ती किती एवढंच बघतात आणि पत्र बाजूला ठेवतात. खरं तर वाचायचा असतो तो हाच आकडा, कारण शिष्यवृत्ती, सरकारी कर्ज आणि कॉलेजच्या मंजुरीने मिळणारं खासगी कर्ज मिळून या बेरजेच्या वर जाता येत नाही. बँक द्यायला तयार असली तरीही.

हा आकडा सरासरीने काढलेला असतो. एकटा राहणारा, धडधाकट, मूलबाळ नसलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर धरून, आणि बहुतेक ठिकाणी फक्त नऊ महिन्यांसाठी. ज्याचं आयुष्य या साच्यात बसत नाही त्याला पैसे कमी पडणार हे उघड आहे. म्हणूनच तिथल्या उच्च शिक्षण कायद्याच्या कलम ४७९-ए ने आर्थिक मदत अधिकाऱ्याला एकेका विद्यार्थ्याची परिस्थिती बघून आकडे बदलायचा अधिकार दिला आहे. त्याला ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात. ‘आमच्याकडे असे अर्ज घेतच नाहीत’ असं सरसकट धोरण कॉलेजला ठेवता येत नाही, आणि अशी विनंती करता येते हे त्यांनी जाहीरपणे सांगावं लागतं. त्यामुळे मागताना ओशाळायचं कारण नाही.

पण एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. बजेट वाढवून मिळालं म्हणजे पैसे मिळाले असं नव्हे. बहुतेक वेळा मिळते ती जास्त कर्ज काढायची मुभा. म्हणून अर्ज कसा करायचा याइतकंच, किती रकमेचा करायचा हे महत्त्वाचं आहे.

कोणती मागणी करायची आहे?

तीन वेगळ्या मागण्या लोक एकाच ईमेलमध्ये घुसळतात आणि मग गोलमोल उत्तर येतं.

पहिली मागणी बजेट वाढवण्याची: माझा खर्च तुम्ही धरलेल्या खर्चापेक्षा जास्त आहे. दुसरी उत्पन्नाची फेरतपासणी: फाफ्सा या सरकारी मदतीच्या फॉर्ममध्ये दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न जातं, म्हणजे २०२६-२७ साठी २०२४ चं, आता नोकरी सोडली आहे, तर आजची परिस्थिती बघा. तिसरी शिष्यवृत्ती वाढवून मागण्याची: दुसऱ्या कॉलेजने जास्त देऊ केली आहे, तुम्ही काही करू शकता का?

दुसऱ्या मागणीवर लोक फार वेळ घालवतात. लॉ स्कूलच्या विद्यार्थ्याला पेल ग्रांट हे सरकारी अनुदान मिळत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीचं बिनव्याजी काळ असलेलं सबसिडाइज्ड कर्ज जुलै २०१२ पासून बंद झालं. जे अनसबसिडाइज्ड (पहिल्या दिवसापासून व्याज चढणारं) कर्ज मिळतं त्याचा उत्पन्नाशी संबंधच नाही. तेव्हा उत्पन्न कमी दाखवून सरकारकडून जवळपास काही वाढत नाही. वर्क-स्टडीची, म्हणजे सरकारी मदतीतून मिळणाऱ्या अर्धवेळ कामाची, पात्रता हा एक अपवाद. मात्र कॉलेज स्वतःच्या निधीतून गरजेप्रमाणे अनुदान देत असेल, तर या फेरतपासणीला अर्थ आहे. हार्वर्ड आणि येल इथली अनुदानं गरज बघून दिली जातात. एक बारकावा: फाफ्सासाठी लॉ स्कूलचा विद्यार्थी स्वतंत्र मानला जातो, आईवडिलांचं उत्पन्न मागत नाहीत, पण अशी कॉलेजं आपल्या अनुदानासाठी पालकांची माहिती मागू शकतात. पालक अमेरिकेतून सांगलीला आजीआजोबांच्या औषधपाण्याला दरमहा पैसे पाठवत असतील, तर ते इथे सांगायचं. मान्य होईलच असं नाही, पण कागद असल्याशिवाय तर मुळीच नाही.

तिसरी मागणी बहुधा प्रवेश विभागाकडे जाते आणि ती प्रवेश पक्का करण्याआधीच करायची असते. या लेखाचा विषय मुख्यतः पहिली मागणी आहे.

आणि या तिन्हींच्या आधी एक चौकशी करा: आणीबाणीचा निधी आहे का? पुष्कळ लॉ स्कूलमध्ये डीन ऑफ स्टुडंट्सच्या कार्यालयाकडे अचानक आलेल्या खर्चासाठी थोडी रक्कम असते, आणि ती बऱ्याचदा परत करावी लागत नाही. चारपाचशे डॉलरचा प्रश्न असेल तर कर्जाकडे जायच्या आधी इथे विचारा.

१ जुलै २०२६ नंतर काय बदललं

आजवर लॉ स्कूलच्या विद्यार्थ्याचं गणित सोपं होतं. वर्षाला २०,५०० डॉलर अनसबसिडाइज्ड कर्ज आणि बजेटपर्यंतची उरलेली सगळी रक्कम ‘ग्रॅड प्लस’ या दुसऱ्या सरकारी कर्जातून. बजेट वाढलं की ग्रॅड प्लस आपोआप तेवढं वाढवता येई. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने ही सोय नव्या कर्जदारांसाठी १ जुलै २०२६ पासून बंद केली. त्याऐवजी जेडीसारख्या (जेडी म्हणजे वकिलीसाठीची पदवी) व्यावसायिक पदवीसाठी वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर अशी अनसबसिडाइज्ड कर्जाची मर्यादा आली. जे ३० जून २०२६ रोजी त्याच अभ्यासक्रमात होते आणि ज्यांनी त्या अभ्यासक्रमासाठी त्याआधी सरकारी कर्ज घेतलेलं होतं, त्यांना जुन्या नियमांनी आणखी काही काळ कर्ज काढता येतं: जास्तीत जास्त तीन शैक्षणिक वर्षं किंवा अभ्यासक्रमाचा उरलेला काळ, यातलं जे कमी असेल ते.

नव्याने येणाऱ्यांसाठी याचा अर्थ कडक आहे. मोठ्या खासगी लॉ स्कूलमध्ये नुसती फीच वर्षाला ७० हजार डॉलरच्या वर जाते. सरकारी ५० हजार फीमध्येच संपतात. मग बजेट चार हजारांनी वाढवून घेतलं तरी ती जागा भरायला खासगी कर्ज, शिष्यवृत्ती किंवा घरचे पैसे यांतलंच काहीतरी लागतं. खासगी कर्जाला क्रेडिट स्कोअर आणि बहुधा सहकर्जदार लागतो. तरीही बजेटवाढ निरुपयोगी नाही, कारण खासगी कर्जाची रक्कमसुद्धा कॉलेज बजेटच्या आतच प्रमाणित करतं.

जुन्या नियमात बसणाऱ्यांनीही हिशेब करून बघावा. २०२५-२६ मध्ये ग्रॅड प्लसचा व्याजदर ८.९४ टक्के आणि सुरुवातीची वजावट ४.२२८ टक्के होती. म्हणजे ५,००० डॉलर मागितले तर हातात येतात साधारण ४,७८९. व्याज मात्र ५,००० वर, वर्षाला ४४७ डॉलर, पहिल्या दिवसापासून. पहिल्या वर्षी घेतलेल्या कर्जावर पदवी हातात येईपर्यंत १,२०० डॉलरच्या आसपास व्याज चढतं. वाढ मागताना वजावटीची ही रक्कमही बजेटमध्ये धरता येते. कर्जाची फी हा कायद्यानेच मान्य केलेला खर्च आहे. पुष्कळ जण ती विसरतात.

कोणता खर्च चालतो, कोणता नाही

कॉलेजागणिक फरक असतो, पण ढोबळ चित्र सगळीकडे सारखं आहे.

सहसा मान्य होतात ते असे: बजेटमध्ये धरल्यापेक्षा जास्त असलेलं भाडं, विम्याने न भरलेला वैद्यकीय किंवा दातांचा खर्च, पाळणाघराचा खर्च, अपंगत्वामुळे लागणारी साधनं किंवा मदतनीस, लॅपटॉप (बहुधा तीन वर्षांत एकदाच आणि ठरलेल्या रकमेपर्यंत), कॉलेजला जायला लागणाऱ्या गाडीची दुरुस्ती.

सहसा अडतात ते: गाडी विकत घेणं किंवा तिचा हप्ता, क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी, घराच्या कर्जाचे हप्ते, शहर बदलताना सामान हलवण्याचा खर्च, नवऱ्याचा किंवा बायकोचा राहण्याखाण्याचा खर्च. हे बजेट विद्यार्थ्याचं असतं, कुटुंबाचं नव्हे. भारतातल्या घरी पैसे पाठवायचे आहेत हे कारणही इथे चालत नाही.

बारच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, परीक्षेचा खर्च ही लॉ स्कूलची खास भानगड. परवाना मिळवायचा खर्च, म्हणजे परीक्षेचं आणि अर्जाचं शुल्क, बजेटमध्ये धरता येतो; अट एवढीच की तो खर्च तुम्ही विद्यार्थी असतानाच झालेला असावा. परीक्षा जुलैत असली तरी शुल्क वसंत सत्रात भरलं असेल तर चालतं. पदवी मेमध्ये मिळाल्यावर जून-जुलैत अभ्यास करताना लागणारं भाडं आणि किराणा मात्र यात येत नाही, कारण तेव्हा तुम्ही विद्यार्थी नसता. त्यासाठी वेगळं, खासगी ‘बार लोन’ असतं, आणि ते महाग पडतं. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीपासून त्या दोन-अडीच महिन्यांसाठी पैसे बाजूला टाकणं जमलं तर तेच करावं. तयारीच्या कोचिंगचं शुल्क कुठे धरतात, कुठे नाही. लेखी विचारून घ्या.

उन्हाळ्याचंही तसंच. नऊ महिन्यांच्या बजेटमध्ये उन्हाळा नसतो. बिनपगारी इंटर्नशिप करताना भाडं कुठून द्यायचं हा प्रश्न बजेटवाढीने सुटत नाही. त्यासाठी जनहिताच्या कामाला मिळणारं उन्हाळी अनुदान बघावं लागतं, आणि त्याचे अर्ज फार आधी सुरू होतात.

काही गोष्टींना तर अपीलच लागत नाही, नुसती दुरुस्ती लागते. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आईवडिलांकडे राहून न्यूअर्कला जाणाऱ्या मुलीचं बजेट ‘पालकांकडे राहणारी’ म्हणून कमी धरलेलं असतं. ती जानेवारीत बाहेर राहायला गेली, तर ऑफिसला राहण्याचा प्रकार बदलला एवढं कळवायचं. उलट बाजूचंही लक्षात ठेवा: पालकांच्या विम्यावर असल्यामुळे (तो २६ वर्षांपर्यंत चालतो) कॉलेजचा आरोग्यविमा नाकारलात, तर बजेटमधून ती रक्कम वजा होऊ शकते. त्या पैशांवर भाड्याचं गणित बसवून ठेवू नका.

कागद आधी, ईमेल नंतर

अर्ज नाकारले जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अपुरे कागद. अधिकाऱ्याच्या मनात असूनही उपयोग नसतो, कारण कायदा त्याच्याकडून फाइलमध्ये पुरावा मागतो.

भाड्यासाठी सहीचा करार, आणि त्यात सोबती असतील तर तुमचा वाटा किती हे स्पष्ट दिसलं पाहिजे. करारावर तिघांची नावं आणि एकच रक्कम असेल, तर वाटणीचं एक साधं पत्र तिघांच्या सहीने जोडा. वीज-गॅसची दोन-तीन महिन्यांची बिलं. वैद्यकीय खर्चासाठी नुसतं डॉक्टरांचं बिल पुरत नाही. विमा कंपनीकडून येणारा ‘ईओबी’ लागतो, ज्यात विम्याने किती भरलं आणि तुमच्याकडे किती उरलं ते दिसतं. पाळणाघराचं पत्र, त्यावर महिन्याचा दर आणि मुलाचं नाव. गाडीसाठी गॅरेजचं लेखी अंदाजपत्रक किंवा पावती. आजी नातवाला सांभाळते आणि आपण तिला काही देत नाही, तर तो खर्च नाही. भारतातून आजी आल्या त्यांचं विमानाचं तिकीटही पाळणाघराच्या रकान्यात बसत नाही.

आता मूळ बजेट समोर घ्या आणि प्रत्येक रकान्यापुढे तुमचा खरा खर्च लिहा. मागायचा असतो तो फरक, पूर्ण खर्च नव्हे. इथे बरेच जण चुकतात: भाडं २,०५० आहे म्हणून नऊ महिन्यांचे १८,४५० मागतात, पण बजेटमध्ये १,८०० आधीच धरलेले असतात. त्याच वेळी कुठल्या रकान्यात तुमचा खर्च कमी आहे तेही बघा. पुस्तकांना १,६०० धरलेत आणि तुम्ही जुनी घेऊन ५०० मध्ये भागवलंत, तर उरलेल्या रकमेतून काय निघतं ते आधी पाहणं तुमच्याच फायद्याचं आहे.

पत्र कसं लिहायचं

बहुतेक कॉलेजांचा यासाठी छापील किंवा ऑनलाइन फॉर्म असतो. वेबसाइटवर ‘बजेट इन्क्रीज’, ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स अ‍ॅडजस्टमेंट’ किंवा ‘अपील’ अशा नावाने शोधा. फॉर्मसोबत छोटं पत्र जोडायचं, अर्थातच इंग्रजीत. त्याचा गाभा असा असावा:

‘मी जेडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२५-२६ च्या माझ्या बजेटमध्ये ३,९८० डॉलरची वाढ मागते आहे. घरभाडं: बजेटमध्ये महिना १,८०० धरले आहेत, करारानुसार माझा वाटा २,०५० आहे, फरक २५०, नऊ महिन्यांचे २,२५०. कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर यापेक्षा स्वस्त जागा मिळाली नाही आणि माझ्याकडे गाडी नाही. दातांचे उपचार: विम्याने भरून उरलेले १,७३०. करार, बिल, ईओबी आणि पैसे भरल्याची पावती जोडली आहे. यातला काही भाग अनुदानातून देता येत असेल तर तसा विचार व्हावा. नसेल तर कर्ज घेण्याची माझी तयारी आहे.’

पत्र एवढंच पुरे. आपल्याकडच्या अर्जांतली ‘सविनय विनंती’ आणि घरच्या अडचणींचा इतिहास इथे नको. वाचणाऱ्याला आकडा, कारण आणि कागद हवा असतो. आजारपण असेल तर निदान काय ते तपशिलात सांगायची गरज नाही, खर्च कशाचा ते पुरतं. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. अनुदानाबद्दल विचारलं नाही तर बहुधा कर्जाचाच विचार होतो.

पत्र विद्यार्थ्याने स्वतः पाठवायचं. आईबाबांनी ऑफिसला फोन करून ‘आमच्या मुलाचं काय झालं’ विचारलं तर गोपनीयतेच्या ‘फर्पा’ कायद्यामुळे तिथला माणूस मुलाच्या लेखी परवानगीशिवाय काही सांगणार नाही. मुलगा पंचविशीत आहे, पालकांनी हिशेब तपासून द्यावा आणि फोन खाली ठेवावा.

वेळही साधावी लागते. कर्जाची रक्कम शरद आणि वसंत अशा दोन हप्त्यांत येते. करार सहीचा झाला की लगेच अर्ज करा. मार्चमध्ये गेलात तर वसंत सत्राचे थोडे आठवडे उरलेले असतात आणि काही ऑफिसांची मुदतही संपलेली असते. सत्र संपल्यावर मागचा खर्च भरून मिळेल या भरवशावर क्रेडिट कार्ड वापरू नका.

भारतातून आलेले आणि एच-फोर वरचे

पुणे-मुंबईहून एलएलएमला (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीला) गेलेल्यांना फाफ्सा आणि सरकारी कर्ज लागू नाही. एच-फोर व्हिसावर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) अमेरिकेत वाढलेली आणि २१ पूर्ण झाल्यावर एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर गेलेली मुलंही याच रांगेत येतात, शाळा तिथेच झालेली असली तरी. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी, मग सरकारी कर्ज मिळतं.

या विद्यार्थ्यांनाही बजेटवाढ मागता येते, फक्त उपयोग वेगळा. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नातेवाईक सहकर्जदार असेल, तर खासगी कर्जाची रक्कम कॉलेज या सुधारित बजेटप्रमाणे प्रमाणित करतं. भारतातल्या बँकेकडून शैक्षणिक कर्ज असेल, तर वाढीव रकमेसाठी बँक कॉलेजचं नवं खर्चाचं पत्र मागते. ‘मुलगा म्हणतो भाडं वाढलं’ यावर शाखाधिकारी काही करू शकत नाही. म्हणून एलएलएमच्या विद्यार्थ्याने ऑफिसला सरळ सांगावं की सुधारित खर्चाचं लेटरहेडवरचं पत्र हवं आहे, आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आय-ट्वेंटीमध्ये (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो दाखला) बदल लागतो का ते विचारावं. एलएलएम बहुधा एका वर्षाचा असतो आणि भारतातल्या बँकेला वेळ लागतो. ऑगस्टमध्ये सुरुवात केलीत तर ऑक्टोबरच्या आत हे कागद हलले पाहिजेत.

उत्तर आल्यावर

मंजुरीच्या पत्रात दोन आकडे शोधा: बजेट किती वाढलं आणि मदत किती वाढली. पहिला वाढून दुसरा तसाच असेल, तर कर्जाचा वेगळा अर्ज तुम्हाला करायचा आहे. कुणी आपोआप पैसे टाकणार नाही. बाहेरची शिष्यवृत्ती मिळणार असेल तर तेही याच वेळी कळवा. बजेटच्या वर मदत गेली तर कॉलेजला काहीतरी कापावं लागतं, आणि बजेट आधीच वाढलेलं असेल तर ती शिष्यवृत्ती बसायला जागा राहते.

नकार आला तर अर्धवट मंजुरी शक्य आहे का आणि कोणता कागद कमी पडला, हे लेखी विचारा. परिस्थिती बदलली किंवा नवा कागद मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो. कॉलेजच्या या निर्णयावर वॉशिंग्टनच्या शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. कायद्याने शेवटचा शब्द कॉलेजचाच आहे. म्हणून ऑफिसातल्या माणसाशी वाद घालून काही मिळत नाही, पुढच्या वर्षी अर्ज बहुधा त्याच टेबलावर जाणार असतो.

आणि मंजूर झालेलं सगळं उचलायलाच हवं असं नाही. सरकारी कर्जाची जास्तीची रक्कम खात्यात आल्यापासून १२० दिवसांच्या आत परत केली, तर तेवढ्या रकमेवरचं व्याज आणि सुरुवातीची वजावट दोन्ही रद्द होतात. दातांचं बिल ठरल्यापेक्षा कमी आलं, किंवा सोबती मिळून भाडं उतरलं, तर उरलेले पैसे खात्यात ठेवू नका; या मुदतीत ते परत पाठवा.